वेगळं ताट

त्या दिवशी दुपारी वासंतीनं वेगळं ताट घेतलं. झालं ते एवढंच. उद्धव जेवून उठला होता, हात धुऊन ओसरीवर अडकित्ता घेऊन बसला होता, आणि तिथून त्याला स्वयंपाकघरातलं दिसत होतं. त्याचं ताट मोरीत गेलं. बायकोनं फडताळातून दुसरं ताट काढलं, पदरानं पुसलं आणि त्यात भात वाढून घेतला. अडकित्त्यात सुपारी तशीच राहिली. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती. ती बाजूला बसायची ते दिवस सोडले, माहेरपणं सोडली, तर एवढ्या वर्षांत वासंती त्याच्या उष्ट्या ताटाशिवाय दुसऱ्या ताटात जेवली नव्हती. त्याला वाटलं, ताटाची कल्हई गेली असेल. मग वाटलं, तिला घाई असेल, त्यानं भात जास्त टाकला असेल, ताटात मुंगी निघाली असेल. माणसाला जे कळून चुकलेलं असतं ते कळू नये म्हणून तो किती कारणं शोधतो! मोरीतलं ताट चांगलं लख्ख होतं. आणि वासंती त्याच्याकडे पाठ करून जेवत होती. ती कधी पाठ करून जेवत नसे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आदल्या संध्याकाळी याच ओसरीवर बसून त्यानं आपण होऊन तिला पुसेगावची हकीकत सांगितली होती. कुणी विचारलं नव्हतं. राज्य पालटलं होतं, हिंगोलीतली दुकानं पुन्हा उघडली होती, कापसाच्या जिनाचा भोंगा पुन्हा वाजायला लागला होता, आणि आपण दोघं जिवंत परत भेटलो या आनंदात गडी पाघळला. त्याला वाटलं, वासंती हसेल. ती हसलीही. म्हणाली, "काहीतरीच तुमचं! खरंच की काय?" तो म्हणाला, "अगं खरंच. आणि काय सांगू तुला, अमृत गं अमृत!" त्यावरही ती हसली. मग उठून दिवा लावायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. उद्धवला त्या वेळी त्यात काहीच दिसलं नाही. जिनाच्या कचेरीत कापसाचं वजन पावशेरानं चुकलं तरी त्याच्या नजरेतून सुटत नसे. घरातलं मात्र हे असं सुटायचं.

पुसेगावचं असं झालं होतं. त्या वैशाखात सगळा मुलूख हलला होता. रझाकारांचं भय, आज हे गाव जळालं, उद्या ते. ज्याला जमेल तो निजामाची हद्द ओलांडून वऱ्हाडात शिरत होता. वासंतीला त्यानं आधीच वाशीमला माहेरी पोचवलं होतं. स्वतः जिन बंद पडेपर्यंत राहिला आणि मग आडवाटेनं पायी निघाला, तो पुसेगावच्या शिवारात हिवतापानं आडवा झाला. तातेराव म्हणून एक शेतकरी दर साली जिनावर कापूस आणायचा, त्यानं ओळखून बैलगाडीत घातलं आणि घरी नेलं. पण घरी नेऊन करायचं काय? तातेरावची आई रूपाबाई लांबूनच हात जोडून उभी राहिली. "मालक, तुमी बामनाचं लेकरू. आमच्या चुलीवरचं तुमाला कसं द्यावं?" तिनं गोठ्याचा एक कोपरा शेणानं सारवून दिला, तीन दगड मांडून चूल करून दिली, आणि सुपात शिधा आणून ठेवला. पीठ, डाळ, गुळाचा खडा, तुपाची वाटी. उद्धवला उठून बसता येत नव्हतं. तो जाळ करायला वाकायचा आणि राखेतच पडायचा. दारात ती म्हातारी डोळ्याला पदर लावून रडायची, पण भाकर काही द्यायची नाही. त्याला तेव्हा तिचा रागही आला होता. तो क्षीण आवाजात म्हणायचा, "आजी, मी असलं काही मानत नाही हो." ती म्हणायची, "तुमी न्हाई मानत, मालक. पर मी मानते ना!"

शेवटी एक दिवस अंगणात मायलेकांचं बोलणं त्यानं तापातच ऐकलं. रूपाबाई म्हणत होती, "बामन मेला तर ब्रह्महत्या. बामन बाटला तर बाटवल्याचं पाप. या दोन्हीत हलकं कोनतं ते तूच सांग, तात्या." तातेराव म्हणाला, "मायबाई, मानूस मरून राहिला अन् तू तराजू घेऊन बसली व्हय?" थोड्या वेळानं कोंबडीची एक तडफड ऐकू आली, मग चुलीचा धूर, मग तो वास. म्हातारीनं वाटी त्याच्या तोंडाला लावली आणि दुसरीकडे बघत म्हणाली, "हुलग्याचं कढण हाय." उद्धवला ते काय आहे ते कळलं होतं. वाटी जवळ येण्याच्या आधीच कळलं होतं. सात पिढ्यांत कुणी शिवलं नव्हतं ते त्याच्या ओठांशी होतं, आणि तो वाट बघत होता की आता पोटातून उसळी येईल, आता येईल. ती आली नाही. खारट, तिखट, वर तेलाचा तवंग, आणि घशाखाली उतरताना सबंध अंगात दिवे लावल्यासारखी ऊब. त्यानं वाटी चाटून पुसून संपवली. पुढे अंगात बळ आलं तेव्हा म्हातारी सैल झाली, गप्पा मारायला लागली. तो गमतीनं म्हणाला, "आजी, घोरपडीचं कालवण करतात म्हणे, फार शक्ती येते." रूपाबाईनं रश्शात फिरवता पळा थांबवला आणि तोंड कसनुसं केलं. "शी! राम राम! ते काय मानसाचं खानं हाय? मला वकारी आनता का काय?" आणि तिला ब्राह्मणांच्या आमटीचंही तसंच होतं. "डाळीत गूळ! कसं गिळता हो तुमी ते? ल्हान लेकराला चाटन द्यावं तसं." तो पोट धरधरून हसला होता. त्या गोठ्यात त्याला जगाचं एक मोठं गुपित कळल्यासारखं झालं होतं: प्रत्येकाच्या ताटाभोवती कुणीतरी आधीच एक रेघ मारून ठेवलेली असते, आणि माणसं समजतात की ती रेघ आपल्याच पोटात आहे.

हेच ज्ञान आता तो वासंतीला पाजत होता. वेगळ्या ताटाचा तिसरा-चौथा दिवस असेल, त्यानं तोंड फोडलं. तिनं ऐकून घेतलं. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "मी कुठं काय म्हणाले?" एवढंच ती म्हणाली. "जेवते ना मी पोटभर." जेवत होती, हे खरं. त्याला गरम वाढत होती, मीठ-लिंबू विसरत नव्हती, अंगावरची शाल सरळ करत होती. बोट ठेवायला जागा नव्हती. आणि खरी चीड याचीच होती, की या ताटाबद्दल तक्रार करायचा अधिकार जगात कुणाला नसेल तर तो उद्धवलाच. लग्नाच्या पहिल्या सालात यानंच तिला व्याख्यानं दिली होती. बायकोनं नवऱ्याचं उष्टं खाणं ही गुलामी, आपण शिकलेली माणसं, तू माझ्याबरोबर शेजारी बसून वेगळ्या ताटात जेव. तेव्हा सोळा वर्षांची ती पोर मान खाली घालून म्हणाली होती, "मला आवडतं." त्याला तो तिचा भाबडेपणा वाटला होता. नाकानं कांदे सोलणाऱ्याला तसंच वाटायचं.

त्या ताटाचं त्यांच्या संसारात काय झालं होतं ते त्याला आता, ताट गेल्यावर, दिसायला लागलं. मूल दोनदा होऊन गेलं होतं. त्यानंतर घरात बोलणं फार नव्हतं. पण तो ताटात तिच्यासाठी काहीतरी मागं ठेवायचा. लोणच्याची बरी फोड. पोळीचा मधला, तुपानं भिजलेला भाग. भाताच्या कडेला दाबून ठेवलेला पापडाचा तुकडा. तो हे कधी बोलला नव्हता, तीही नाही. ती ताटावर बसायची, तिचा हात बरोबर त्या फोडीशी जायचा, आणि ओसरीवरून बघणाऱ्या उद्धवला आपण तिच्याशी काहीतरी बोललो असं वाटायचं. उलट तो कचेरीतून चिडून आला की भाताचा ढीग तसाच सोडायचा, आणि संध्याकाळी ती न विचारता म्हणायची, "आज शेठजींनी तकलीफ दिली वाटतं." ताट वाचायची ती. आता त्याचं ताट सरळ मोरीत जात होतं. एक दिवस त्यानं मुद्दाम आंब्याच्या लोणच्याची मोठी फोड ठेवली, तिला आवडते तशी, कोयीला लागून असलेली. मोरीत राखेबरोबर ती फोड पडलेली त्याला संध्याकाळी दिसली. एवढ्या मोठ्या माणसाचे डोळे लोणच्याच्या फोडीपायी भरून आले. मग त्याचाच त्याला संताप आला. त्यानं बादली लाथेनं उडवली आणि शेजारच्यांनी काय झालं विचारलं तेव्हा पाय घसरला म्हणून सांगितलं.

दोष कुणाला द्यायचा? त्यानं तो स्वतःच्या पोटाला देऊन पाहिला. आपल्याला किळस यायला हवी होती, ती आली असती तर हे काहीच झालं नसतं, मग ती आता तरी आणू, असं त्यानं मनावर घेतलं. बाजारातून येताना मुसलमान खाटकांच्या गल्लीवरून तो मुद्दाम जायला लागला. टांगलेल्या बकऱ्याकडे बघायचं, माश्या बघायच्या, आतडी बघायची. आणि मळमळायची वाट बघायची. मग पुढच्या भटारखान्याच्या भट्टीवरून वाऱ्याची झुळूक यायची आणि तोंडात पाणी जमा व्हायचं. जिनावरचा चौकीदार रतनसिंग त्याला एकदा तिथं उभा दिसला. हा परदेशी रजपूत, खाणारा-पिणारा, उद्धवच्या बरोबरीचा. उद्धवनं त्याला आडून आडून सगळं सांगितलं. रतनसिंगला हसू आवरेना. "काहून त्रास करून घेऊन राहिले, बाबू? गाईचं शेन-मूत पिऊन शुद्ध व्हतेत ना तुमच्यात? पिऊन टाका. झालं बराबर!" आणि मग गंभीर होऊन म्हणाला, "पर आपल्याकडून ते पिनं होनार न्हाई, खरं सांगतो. नुसतं बोललो तरी मळमळून राहिलं." उद्धवला नवल वाटलं. दर श्रावणीला लहानपणापासून तो पंचगव्य घेत आला होता. दूध, दही, तूप, गोमूत्र, शेणाचं पाणी. तळहातावर घ्यायचं आणि ओढायचं. त्याला कधी काही झालं नव्हतं.

तो तर्क करू लागला तर या सगळ्याला काही अर्थच उरत नव्हता. पण तर्क घेऊन काय चाटायचा होता? त्याला बायको परत हवी होती. त्यानं स्वतःच तिला विचारलं, "पंचगव्य घेऊन आलो तर?" वासंतीचा चेहरा एकदम उजळला. "घ्याल तुमी? तुमी तर हे मानत नाही." आणि तो मानत नसताना गेला. औंढ्याला नागनाथाच्या देवळात त्याचे चुलते विष्णुपंत पूजेला होते. त्यांनी पुतण्याला ओलेत्यानं बसवलं, मंत्र म्हटले, तळहातावर पंचगव्य घातलं. "चालतं रे," ते हलकेच म्हणाले. "प्राण वाचवायला खाल्लेलं फार लागत नाही. शास्त्रानं वाट ठेवलेली असते." उद्धवनं ते मुकाट ओढलं. पोटानं याही वेळी तक्रार केली नाही. परतीच्या बैलगाडीत तो खूश होता, आणि आपण खूश आहोत याची त्याला लाजही वाटत होती. जे आपण थोतांड म्हणतो त्याच्या आशेवर आपण बसलो आहोत! बसलो तर बसलो.

दुसऱ्या दिवशी तो जेवून उठला. ताटात त्यानं साखरभाताची अर्धी मूद राखून ठेवली होती. वासंतीनं ताट उचललं नाही. ती तिथंच, त्याच्या पाटाशेजारी, त्याच्या ताटावर बसली. त्यानं अडकित्ता घेतला नाही, सुपारी घेतली नाही, नुसता खांबाला टेकून उभा राहिला. तिनं ताटाला नमस्कार केला. घास घेतला. दुसरा घेतला. तिसरा घास तोंडात गेला आणि तिचा खांदा हलला. तिनं तोंड दाबून धरलं, डोळे मिटले, गिळायला बघितलं. मग धावतच मोरीशी जाऊन बसली आणि सगळं पडलं. रिकाम्या पोटातलं पाणी पडेपर्यंत ती उमळत राहिली.

उद्धव तिच्यामागे गेला, पण पाणी द्यायला नाही. "अगं, शुद्ध झालो ना मी? विष्णुकाकांनी सांगितलं ना? आता काय राहिलं? हे सगळं तुझ्या मनाचं आहे, वासंती! नुसत्या मनाचं!" तो ओरडतच सुटला. त्यानं पुसेगावची म्हातारी काढली, घोरपड काढली, रतनसिंग काढला. कुणाला काय चालतं आणि कुणाला कशानं ओकारी येते ते सगळं तो त्या मोरीच्या दारात उभा राहून सांगत होता आणि बायको कपाळ भिंतीला टेकून बसली होती.

तो दमला तेव्हा ती बोलली. "मी देवाशप्पथ मनात काही आणलं नव्हतं. खाल्लंत त्याचं मला वाईट नाही वाटत. तुमचा जीव वाचवला तिनं, भेटली तर मी तिच्या पायावर डोकं ठेवीन. पण तुमी सांगून राहिले होते ना त्या संध्याकाळी, तेव्हा सांगता सांगता तुमी ओठ पुसले. मला दिसलं. घास तोंडाशी नेला की ते ओठ दिसतात." तिनं कपाळ भिंतीपासून उचललं. "यावं असं मला वाटतं का? मी काय करू? येतंच."

"मन घट्ट केलं की जातं ते," उद्धव म्हणाला. "माझं गेलं."

ती उठली. चूळ भरली, मोरी धुतली, आणि त्या दिवशी जेवली नाही.

पुढे आठ-पंधरा दिवस गेले असतील. थंडी पडायला लागली होती. उद्धव कचेरीतून उशिरा, कडकडून भुकेला असा घरी आला. हातपाय धुऊन आत आला तर पाटावर वासंती बसली होती आणि जेवत होती. त्याच्या आधी! तो दारातच थबकला. असं कधी कुणाच्या घरी त्यानं पाहिलं नव्हतं. त्याची आई, आजी, चुलत्या, कुणीही गडीमाणसाच्या आधी तोंडात पाण्याशिवाय काही घातलं नव्हतं. वासंती मात्र सावकाश, नीट जेवत होती. अर्धं जेवण झालं तशी ती उठली, हात धुतले, आणि पाट पुसून म्हणाली, "या."

"वाढ मग."

"वाढलेलंच आहे."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि तो हसला. "खुळी आहेस का?"

"तुमी म्हणता ना, मनाचं आहे. माझं मन कच्चं आहे, ते मी कबूल करते. तुमचं मोकळं आहे. रोज मला ओढून तिकडं नेण्यापेक्षा तुमीच या इकडं. माझ्या ताटात जेवा. मग तुमच्या तोंडचं अन् माझ्या तोंडचं एकच झालं, मला वाटतं माझंही जाईल मग." ती हे टोमणा मारल्यासारखं म्हणाली नाही. तिनं याचा फार दिवस विचार केला असणार. तिच्या डोळ्यांत अशी काही आशा होती की उद्धवला तिच्याकडे बघवेना.

तो बसला. यात काय अवघड आहे, त्याला वाटलं. हीच ती बायको. हिच्या तापात त्यानं रात्री काढल्या होत्या, हिच्या तोंडाला तोंड लावताना त्याला कधी विचार करावा लागला नव्हता. त्यानं ताटाकडे बघितलं. वरणभात कालवलेला होता आणि त्यात तिच्या चार बोटांच्या रेघा उमटल्या होत्या. भाकरीच्या तुकड्याला दातांची कड होती. ताटाच्या काठाशी शेवग्याची शेंग होती, चावून, रस ओढून घेतलेली, तिचे चोथ्याचे धागे ओलसर. त्याच्याच ताटात रोज अशा शेंगा पडलेल्या असत, आणि त्यांच्या शेजारचा भात ती तेरा वर्षं खात आली होती. त्यानं हात पुढे केला. बोटं भाताला लागली. भात कोमट होता, आणि ती ऊब चुलीची नव्हती, तिच्या हाताची होती, असं त्याला वाटलं, आणि पोटातून ती उसळी आली. गोठ्यात ज्या उसळीची त्यानं वाट पाहिली होती, खाटकांच्या गल्लीत जी आणू म्हणता आली नव्हती, ती न बोलावता आली आणि घशाशी येऊन थांबली. बायकोचं उष्टं! त्यानं दात आवळले. रूपाबाई आठवली, सगळी व्याख्यानं आठवली, एकाचाही उपयोग झाला नाही. बोटं भातात रुतलेली होती आणि हात काही केल्या वर येईना.

वासंती समोर बसली होती. बराच वेळ ती त्याच्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं.

"येऊन राहिलं का?" तिनं विचारलं, आणि त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या पुढे केला.